लांडगा, कोल्हा आणि आपला मेंढवाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, माण, खटाव, कर्जत, करमाळा, सोलापूर. कमी पावसाच्या या पट्ट्यात माळावर वस्ती करून राहणारे शेतकरी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आणि दारात पाच-दहा शेळ्या बांधणारी घरं, या सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बिबट्याची रीत वेगळी आहे, म्हणून तो इथे ओळखीपुरताच येतो.

रात्री वाड्यातलं मेंढरू मारलं गेलं. सकाळी सगळ्यात आधी काय करायचं?

मेलेलं जनावर हलवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी चुकतं. रक्त बघवत नाही, उरलेली मेंढरं बुजतात, कुत्री घोटाळतात, म्हणून माणूस ते लगेच ओढून दूर टाकतो किंवा पुरून मोकळा होतो. मग वनरक्षक येतो तेव्हा त्याला दाखवायला काहीच उरलेलं नसतं.

जनावरावर ताडपत्री किंवा जुनं पोतं टाका, कडेला दगड ठेवा आणि राखणीला कुणाला तरी बसवा. झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: पूर्ण जनावर, मानेवरच्या आणि मांडीवरच्या जखमा, कानातला बिल्ला, आजूबाजूचे ठसे, फाटलेली वाघर (वाड्याभोवतीची जाळी). ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला की आकाराचा अंदाज येतो. मोबाइलचं लोकेशन चालू असू द्या, म्हणजे फोटोबरोबर जागाही नोंदली जाते.

मग तुमच्या बीटच्या, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या वनरक्षकाला फोन करा. त्याचा नंबर नसेल तर वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला, म्हणजे १९२६ वर फोन करा. घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत कळवायचं असतं, पण सकाळी घडलेलं सकाळीच कळवलेलं बरं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत मढं फुगतं आणि जखमा वाचता येत नाहीत.

जखमी जनावरं वेगळी करा, जखमा भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टरांचा दाखला भरपाईच्या कागदांत लागतो. शिवाय चावा पिसाळलेल्या जनावराचा असू शकतो, म्हणून उपचार लगेच व्हायला हवेत.

भरपाई किती मिळते?

महाराष्ट्र शासनाच्या ऑगस्ट २०२२ च्या निर्णयाप्रमाणे मेंढी किंवा शेळी मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, इथेही कमी असेल ती. हे दर अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना वनपरिक्षेत्र कार्यालयात चालू दर विचारून घ्या.

बाजारभाव ठरवताना जनावराचं वय, वजन, गाभण होतं का, नर पैदाशीचा होता का, हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या. गाभण मेंढीची नोंद नुसती ‘एक मेंढी’ अशी झाली तर नंतर ती दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं.

कोकरू सगळंच उचलून नेलं. मग पंचनामा कशाचा करणार?

मेंढपाळांची ही सगळ्यात खरी तक्रार आहे. लांडगा मोठं मेंढरू जागेवर मारतो, पण आठ-दहा दिवसांचं कोकरू तोंडात धरून निघून जातो. मागे ना मढं, ना हाड. नियम मढ्याभोवती लिहिलेले असल्यामुळे अशा नुकसानीतला मोठा भाग कागदावर येतच नाही. माझ्या मते नियमांत पहिली सुधारणा इथेच व्हायला हवी.

आज हातात आहे ते करा. रक्ताचा थेंब, लोकरीचा पुंजका, ओढल्याची खूण, ठसे, कोकरासाठी ओरडणारी मेंढी, सगळ्याचे फोटो काढा. ज्या दिशेला नेलं त्या दिशेने ओढ्याकाठाने शोधा, कारण पायाचे खूर किंवा कातड्याचा तुकडा मिळतो कधीकधी. शेतमालकाला किंवा पोलीस पाटलांना बोलावून दाखवा आणि वनरक्षकाला निदान नोंद तरी करायला सांगा. एकाच भागातून चार नोंदी झाल्या की ‘तिथे लांडगा नाही’ असं कुणाला म्हणता येत नाही, आणि पाचव्या वेळचा अर्ज सोपा होतो.

हे काम लांडग्याचंच, हे कशावरून ओळखायचं?

आधी प्राणी दिसला असेल तर. लांडगा उंच पायांचा, छातीने अरुंद, राखाडी-तपकिरी, पाठीवर काळसर केसांची झाक असलेला. वजन साधारण १७ ते २५ किलो. शेपूट खाली लोंबती आणि टोकाला काळी, गावठी कुत्र्यासारखी वर वळलेली नाही. कान ताठ, डोळे पिवळट. चालताना डोकं खांद्यांच्या रेषेत ठेवतो आणि दुडक्या चालीने सरळ रेषेत जातो. कोल्हा याच्या निम्म्याहून कमी, ८ ते ११ किलोंचा, आखूड पायांचा, अंगावर तांबूस-पिवळी छटा. तरसाची पाठ मागे उतरती, अंगावर पट्टे आणि मानेवर आयाळ. तरस बहुतेक वेळा मेलेल्यावर येतं. त्यामुळे सकाळी मढ्याजवळ ते दिसलं म्हणून त्यानेच मारलं असं समजू नका.

प्राणी दिसला नसेल तर जखमा बघा. बिबट्या गळा धरतो आणि शिकार ओढून उसात किंवा झाडावर नेतो, त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. लांडगा मान-गळा धरतो, एखाद-दुसरं जनावर नेमकं मारतो आणि खायला सुरुवात करतो. ठसा लांबट, नखांसह, आणि पावलांची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ. मात्र एका ठशावरून लांडगा की मोठा कुत्रा हे सांगता येत नाही, ओळच बघावी लागते.

आता कुत्र्यांचं. वाड्यात सात-आठ मेंढरं पडलेली, कुणाची मागची मांडी फाटलेली, कुणाचं पोट, कुणाचा कान, आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं तर आधी भटक्या कुत्र्यांचा संशय घ्या. कुत्री टोळीने येतात, पळणाऱ्या मेंढराच्या मागे लागतात आणि भूक नसतानाही चावत सुटतात. सगळा दोष लांडग्याच्या माथी गेला की कुत्री मोकळी राहतात आणि पुढच्या पंधरवड्यात परत येतात. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला वन्यप्राण्याची भरपाई मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकाला ते लांडग्याचंच हवं असतं. ही अडचण समजते. पण राखण नीट करायची तर खरा चोर माहीत हवा.

तो येतो कधी?

तांबडं फुटताना, दिवस मावळताना आणि रात्री. पण पावसाळ्यात आणि उभ्या पिकांच्या दिवसांत भर दुपारीही चरणाऱ्या कळपावर येतो, कारण ज्वारी, मका, तूर यांच्या आडून त्याला अगदी जवळ पोचता येतं. एका रात्रीत तो १५-२० किलोमीटर सहज फिरतो. त्यामुळे काल पलीकडच्या गावात दिसलेला लांडगा आज तुमच्याकडे येणं काही विशेष नाही.

वर्षाचंही एक गणित आहे. पावसाळा संपल्यावर जोड्या जुळतात, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात, म्हणजे हिवाळ्यात ती ओढ्याच्या काठच्या घळीत किंवा खडकाच्या कपारीत असतात. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत नर-मादी दोघांना खाणारी तोंडं वाढलेली असतात आणि वाड्यावर फेऱ्या वाढतात. आपल्या मेंढ्या व्यायच्या दिवसांशी हे दिवस जुळले की नुकसान जास्त. त्या दोन-तीन महिन्यांत राखण दुप्पट ठेवा, वर्षभर सारखी ठेवून माणसं थकवू नका.

मेंढपाळ सांगतात की जोडी आली की एक समोर येऊन कुत्र्यांना आणि माणसाला आपल्यामागे पळवतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो. म्हणून एक लांडगा दिसला की सगळ्यांनी त्याच्याच मागे धावू नये. एकाने कळपाजवळ थांबून पाठीमागची बाजू बघावी.

वाघर लावतो, तरी मेंढरू जातं. काय कमी पडतं?

वाघर मेंढरांना आत धरून ठेवायला आहे, लांडग्याला बाहेर ठेवायला ती पुरत नाही. कमरेएवढी जाळी तो उडी मारून ओलांडतो किंवा खालून नाक घालून उचलतो. पण त्याहून मोठं नुकसान वेगळ्याच रीतीने होतं. वास आला की मेंढरं एका बाजूला रेटतात, खुंट्या उपटतात, वाघर आडवी होते आणि कळप अंधारात फुटतो. मग लांडग्याला वाड्यात शिरायची गरजच उरत नाही, चुकलेलं मेंढरू त्याला ओढ्यातच सापडतं.

तेव्हा पहिलं काम खुंट्या घट्ट करण्याचं. मुरमाड जमिनीत लाकडी खुंट्या धरत नसतील तर लोखंडी वापरा आणि कोपऱ्यांना ताण द्या. जाळीचा खालचा काठ दगडांनी दाबा. दुसरं काम कोकरांचं. त्यांचा छोटा वाडा मोठ्या वाड्याच्या कडेला नको, बिऱ्हाड आणि कळप यांच्या मधे हवा, वरून झाकलेला. नवीन व्यायलेल्या मेंढ्याही तिथेच.

तिसरं काम जागा निवडण्याचं. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवतो तेव्हा त्याला जिथे खत हवं ती जागा दाखवतो, आणि ती पुष्कळदा ओढ्याच्या कडेला, वेड्या बाभळीच्या जाळीला किंवा उभ्या पिकाला लागून असते. तिथे बसावंच लागलं तर वाडा आडोशापासून निदान ५०-६० पावलं मोकळ्यात घ्या आणि आडोशाच्या बाजूला माणूस आणि कुत्रं झोपू द्या.

एकाच जागी राहणाऱ्यांना हे सोपं आहे. पाच-सहा फूट चेनलिंक जाळी, खाली फूटभर पुरलेली किंवा बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी टाकून दगडांनी दाबलेली, आणि दाराखाली फट नाही. शेळ्या थोड्या असतील तर वरूनही जाळी घाला, म्हणजे बिबट्याचाही प्रश्न सुटतो. या एका खर्चातून जेवढं वाचतं तेवढं दुसऱ्या कशातून वाचत नाही.

कुत्री किती आणि कसली ठेवावीत?

कुत्र्याची जात बघण्याआधी ते कळपात वाढलंय का ते बघा. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू कोकरांबरोबर झोपलं, मेंढरांच्या वासात वाढलं की ते कळपाला आपलं मानतं. माणसाच्या पायाशी वाढलेलं कुत्रं माणसाच्या मागे जातं आणि कळप उघडा पडतो. दोन-तीन कुत्री असावीत. एकटं कुत्रं जोडीपुढे टिकत नाही आणि स्वतःच मारलं जातं. गळ्यात बाहेरच्या अंगाला खिळे असलेला लोखंडी पट्टा घालावा, कारण लांडगा आणि बिबट्या दोघेही गळाच धरतात.

लसीकरण मात्र टाळू नका. रेबीज आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांत जातात. माळावरचा कळप लहान असतो, एका साथीत तो पार संपतो. तसंच जमेल तिथे कुत्र्यांची नसबंदी करून घ्या. लांडगे कमी झाले की एकट्या राहिलेल्या लांडग्याचं कुत्र्याशी जुळतं, आणि पुणे जिल्ह्यात अशी संकरित जनावरं असल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. आपल्या माळावरचा लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या वंशांपैकी एक आहे. तो मारला न जाताही असा मिसळून नाहीसा होऊ शकतो, आणि मला ही भीती गोळी-विषाहून मोठी वाटते.

फटाके, भोंगे, दिवे यांनी काही फरक पडतो का?

पडतो, पण थोडे दिवस. आपोआप रंग बदलत उघडझाप करणारे सोलर दिवे वाड्याच्या चारी कोपऱ्यांना लावले तर लांडगा बिचकतो. दर तीन-चार रात्रींनी त्यांची जागा बदला, नाहीतर तो ओळखून घेतो. दोरीला हात-दीड हातावर लाल कापडाची फडकी बांधून ती दोरी वाड्याभोवती गुडघाभर उंचीवर ताणणं ही युरोपातली जुनी युक्ती आहे. फडकी वाऱ्याने हलतात आणि लांडगा ती रेषा ओलांडायला कचरतो. काही आठवडे, फार तर दोन महिने. म्हणून ती वर्षभर न लावता मेंढ्या व्यायच्या दिवसांसाठी राखून ठेवावी. फटाक्याने मेंढरंच जास्त बुजतात, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागली तर सगळ्या गावाची चराई जाते.

जागं राहणारं माणूस आणि हातातली बॅटरी यांची बरोबरी यातलं काहीच करत नाही.

झटका मशीन लावलं तर चालेल?

कंपनीचं, बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं झटका मशीन चालतं. ते सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता धक्का देतं, जीव घेत नाही. लांडग्यासाठी पहिली तार जमिनीपासून वीतभरावर आणि वरच्या तारा जवळजवळ हव्यात. रानडुकरासाठी लावलेल्या दोन तारांतून तो आरामात जातो. तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर करंट जमिनीत उतरतो.

घरच्या लाइनचा किंवा मोटारीच्या स्टार्टरवरून घेतलेला करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. दरवर्षी त्यात माणसं मरतात, पुष्कळदा शेतमालकाच्या घरचीच. रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाला तार दिसत नाही.

एकदाच विष घालून विषय का संपवू नये?

कायदा आधी सांगतो. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हाही. अनुसूची १ मधला प्राणी मारला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. मढ्यात थिमेटसारखं जहाल कीटकनाशक घालणारा आपल्याला कोण बघतंय असं समजतो. पण विष कुणाला ओळखत नाही. ते मढं तुमचीच कुत्री खातात, घारी-गिधाडं खातात, पावसाने ते पाण्यात उतरतं.

आणि विषय संपतही नाही. लांडग्यांच्या टोळीत सहसा एकच जोडी पिल्लं घालते आणि तीच शिकारीत तरबेज असते. ती मेली की उरतात ती वर्ष-दीड वर्षाची अर्धवट शिकलेली पोरं. काळवीट किंवा ससा धावून पकडणं त्यांना जमत नाही, वाड्यातलं कोकरू जमतं. जागा रिकामी झालीच तर शेजारची जोडी येते, आणि तिला तुमचा वाडा, तुमची कुत्री, तुमची राखण यांची दहशत नसते.

अमेरिकेत हा प्रयोग शंभर वर्षं चालू आहे. तिथला कायोटी आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान, मेंढपाळांचा पक्का वैरी. सरकारी खातंच दरवर्षी साधारण ६० हजार कायोटी मारतं, खाजगी शिकारी वेगळे. एवढं करून तो मध्य आणि पश्चिम भागातल्या गवताळ प्रदेशातून निघून आज अलास्कापासून पनामापर्यंत पसरला आहे. मारा वाढला की माद्या लवकर वयात पिल्लं घालतात आणि जास्त पिल्लं जगतात, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. तिथले पुष्कळ मेंढीवाले आता पांढरी झुबकेदार राखणदार कुत्री, झटक्याच्या तारा आणि गाढवं यांच्याकडे वळले आहेत. हो, गाढवं. गाढवाला कुत्र्याच्या जातीचा राग असतो, ते ओरडत अंगावर जातं आणि लाथा घालतं. आपल्याकडे बिऱ्हाड वाहायला गाढव असतंच. रात्री ते लांब न बांधता कळपाजवळ ठेवून बघायला काही खर्च नाही.

आपला लांडगा मात्र कायोटीसारखा सावरत नाही. देशभरात पूर्ण वाढलेले लांडगे सुमारे ३,००० असावेत असा अंदाज आहे. २०२२ च्या गणतीत वाघच ३,६८२ निघाले.

वनविभाग पिंजरा लावून त्याला लांब का सोडत नाही?

जुन्नर भागात बिबट्यांच्या बाबतीत हे झालं. २००० नंतरच्या काही वर्षांत पकडलेले बिबटे लांब जंगलांत सोडले गेले, आणि सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर घाबरलेलं, उपाशी आणि बेघर असतं. लांडग्याचंही तसंच. तुमचा प्रश्न दुसऱ्याच्या वाड्यावर जातो आणि तुमच्याकडे नवा लांडगा येतो.

माणसावर, लहान मुलांवर हल्ला करतो का?

धडधाकट लांडगा माणसापासून दूर पळतो. पण ‘कधीच करत नाही’ असं म्हणणं खोटं ठरेल. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात लांडग्यांनी अनेक मुलं उचलली, २०२४ मध्ये बहराइच जिल्ह्यात पुन्हा मुलं दगावली. दोन्हीकडे बळी बहुतेक लहान मुलं होती, गरीब वस्त्यांतली, उघड्यावर झोपलेली किंवा एकटी. आपल्या पट्ट्यात असं घडलेलं नाही. इथले चावे प्रामुख्याने पिसाळलेल्या जनावरांचे असतात.

काळजी साधी आहे. अंगणात झोपताना मुलं कडेला नकोत, मोठ्यांच्या मधे हवीत. अंधारात परसाकडे मूल एकटं पाठवू नका. लांडगा समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. उभं राहून मोठ्याने ओरडा, हातातली काठी किंवा घोंगडं उंच करा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. फोटोसाठी जवळ जाऊ नका आणि मोटारसायकलवरून पाठलाग तर कधीच करू नका. त्या पाठलागाचे व्हिडिओ फिरतात, पण पिल्लांची आई त्यात दमून मरू शकते.

तो पिसाळलेला आहे हे कसं कळेल, आणि चावला तर?

दिवसाढवळ्या वस्तीत शिरणं, समोर येईल त्याला चावत पुढे जाणं, खाण्यासाठी न थांबणं, लाळ गळणं, मागचे पाय लुळे पडणं. अशा जनावराला हुसकायला जाऊ नका. माणसं आणि जनावरं आत घ्या आणि १९२६ वर कळवा. कोल्ह्यांतही रेबीज असतो. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत तो तपासणीत आढळला.

चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका, पट्टीही घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लांडग्याचा किंवा कोल्ह्याचा रक्त काढणारा चावा तिसऱ्या श्रेणीतला धरतात. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतं. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांनाच घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. मांत्रिकाकडे गेलेला एक दिवस जीवावर बेततो.

चावलेल्या शेळी-मेंढीलाही लसीचा कोर्स असतो. तो पूर्ण होईपर्यंत तिला वेगळं बांधा आणि तिचं दूध काढून वापरू नका.

शेतात पिल्लं सापडली. काय करावं?

हात न लावता मागे फिरा आणि वनरक्षकाला सांगा. ऊस किंवा ज्वारी काढताना पिल्लं दिसली तर तेवढा तुकडा दोन दिवस सोडा. आई रात्री येऊन एकेक करून त्यांना हलवते. घरी नेऊन दूध पाजणं दयेपोटी होत असलं तरी तो गुन्हा आहे, आणि माणसाळलेलं पिल्लू पुन्हा माळावर जगू शकत नाही. बीळ बुजवणं, त्यात धूर करणं हे तर मुळीच नको. तशीही बीळ वापरायची मुदत थोडी असते, पिल्लं चालायला लागली की टोळी जागा बदलते.

कोल्ह्याचा त्रास आहे, कोंबड्या आणि कलिंगडं जातात.

कोंबड्या रात्री बंद खुराड्यात ठेवल्या की हा प्रश्न बहुतेक मिटतो. कलिंगड, मका, ऊस थोडा जातो, पण कोल्हा वर्षभर शेतातले उंदीर आणि घुशी खातो, आणि तो हिशेब शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. कोल्ह्याचं शिंग म्हणून जे विकतात ती शुद्ध फसवणूक आहे. कोल्ह्याला शिंग नसतं, आणि त्या व्यापारात कोल्हे मारले जातात.

पूर्वी एवढे वस्तीजवळ येत नव्हते. आता का येतात?

माळ उरला नाही म्हणून. सरकारी दप्तरात माळरान ‘पडीक’ म्हणून लिहिलेलं आहे, त्यामुळे ते घ्यायला कुणी कचरत नाही. कुठे वसाहत, कुठे प्लॉटिंग, कुठे मुरूम उपसा, कुठे सोलर, आणि कुठे वनविभागानेच गवतात गिरिपुष्प लावलेलं. ससे, काळवीट, चिंकारा कमी झाले. सोलापूरचं नान्नज, कर्जतचं रेहेकुरी, बारामतीचं सुपे ही अभयारण्यं आहेत, पण सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे. लांडगा तेवढं एका फेरीत ओलांडतो. तो तुमच्या-आमच्या गायरानातच राहतो, आणि धनगराची मेंढरंही तिथेच चरतात. एक गायरान गेलं की दोघांचंही जातं.

दुसरं कारण आपल्याच हातातलं आहे. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पोत्यांत भरून रस्त्याकडेला, ओढ्यात टाकल्या जातात. त्या ढिगावर आधी कुत्री येतात, मग कोल्हे, मग लांडगे, आणि सगळ्यांची वाट तुमच्या वाड्यावरून जाते. खोल खड्डा, चुना, वर माती. ग्रामपंचायतीने हे एक सक्तीने केलं तरी त्या वर्षी फरक दिसेल.

लांडगा जगवून मेंढपाळाला काय मिळतं?

थेट हातात पडेल असं फार काही नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लांडगा रानडुकराची पिल्लं आणि ससे खातो, त्याचा फायदा शेतकऱ्याला होतो. लांडग्याचे फोटो काढायला येणाऱ्यांचा पैसा गाडीवाल्याला आणि हॉटेलवाल्याला मिळतो. कोकरू मात्र धनगराचं जातं. अनेक वाड्यांवर म्हातारी माणसं अजून म्हणतात की तो त्याचा वाटा घेऊन गेला, आणि त्याच्यामागे कुऱ्हाड घेऊन जात नाहीत. या माणसांनी लांडगा आजवर सांभाळला. म्हणून त्यांची भरपाई वेळेवर देणं हे लांडगा वाचवण्याचंच काम आहे, आणि ते उपकार म्हणून होऊ नये.

मेंढरं घेऊन दुसऱ्या तालुक्यात बसलोय. अर्ज तिथे करायचा की गावाकडे?

घटना जिथे घडली त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात. पंचनामा तिथलाच वनरक्षक करतो. गाव दुसरं आहे म्हणून त्याने परत पाठवलं तर १९२६ वर तक्रार करा. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतानाच आधार कार्ड आणि बँक पासबुकच्या प्रती, कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरांची यादी आणि कळपाचे दोन-चार फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बिऱ्हाडात ठेवा. मुक्काम बदलताना त्या त्या शेतमालकाचं नाव आणि फोन लिहून ठेवा, साक्षीला तोच लागतो. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे का बघा. तिचा फोटो गावाकडच्या माणसाला पाठवून ठेवा, म्हणजे तुम्ही पुढच्या मुक्कामाला गेलात तरी त्याला कार्यालयात चौकशी करता येईल.